बेचाळीसच्या वर नाही

"टाकीत उकळतं पाणी ओता," डॉ. नाईकनवरे म्हणाले.

मान वर न करता म्हणाले, आणि इतक्या शांतपणे, की सिस्टर किटली आणायला निघालीसुद्धा.

"नको, सर," मी म्हणाले.

"काय?"

"उकळतं पाणी नको. आत्ता पाणी चाळीसला आहे. बेचाळीसच्या वर मी जाऊ देणार नाही."

आम्ही ऑपरेशन थिएटरमध्ये होतो. माझ्या पुढ्यातल्या पंपाचे रूळ तेवढे गरगर फिरत होते, आणि त्यांच्याबरोबर एका बाईचं सगळं रक्त.

या गोष्टीला आता वीसेक वर्षं होऊन गेली. सोलापुरातलं ट्रस्टचं एक हॉस्पिटल, त्यात नव्यानेच सुरू झालेला हृदयाच्या शस्त्रक्रियांचा विभाग, आणि त्या विभागातली मी एकुलती एक परफ्युजनिस्ट. हा शब्द आमच्या गल्लीत कुणाला उच्चारता यायचा नाही. माझ्या आईने त्यावर आपला तोडगा काढला होता. "आमची सुलक्षणा काळीज बंद असताना माणसं सांभाळती," असं ती शेजारणींना सांगायची. ते खरंच होतं. हृदय उघडून आत काम करायचं तर ते थांबवावं लागतं. तेवढा वेळ रक्त शरीराबाहेर घ्यायचं, त्यात प्राणवायू मिसळायचा आणि परत शरीरात ढकलायचं, हे काम यंत्र करतं. ते यंत्र मी चालवायची.

मी मुळात मेकॅनिकल इंजिनिअर. पदवी हातात आली तेव्हा दोन कारखान्यांनी मुलाखतीला बोलावलं आणि दोघांनीही "शॉपफ्लोअरवर लेडीज नको" म्हणून चहा पाजून परत पाठवलं. मग मी हा कोर्स केला. वर्गात बाकी सगळे जीवशास्त्रवाले. प्राणवायू मिसळायच्या त्या प्लास्टिकच्या डब्यातच एक छोटा हीट एक्स्चेंजर असतो, हे ज्या दिवशी शिकवलं त्या दिवशी मला परक्या गावात माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. एका बाजूने रक्त वाहतं, दुसऱ्या बाजूने पाणी, आणि मध्ये धातूची पातळ भिंत. शस्त्रक्रिया सुरू झाली की थंड पाणी सोडून रक्त थंड करायचं, म्हणजे शरीराची प्राणवायूची भूक मंदावते. काम उरकलं की गरम पाणी सोडून रक्त पुन्हा तापवायचं. साखर कारखान्यात उसाचा रस तापवतात, तेच गणित.

ते गणित मला आवडायचं. समजा, रक्त तीस अंशांवर आत येतंय आणि पाणी चाळीसवर आहे. जगातला सगळ्यात भारी एक्स्चेंजर आणला तरी रक्त चाळीसच्या वर तापणार नाही. म्हणजे मिळाले तर जास्तीत जास्त दहा अंश. त्या दहातले प्रत्यक्षात जेवढे पदरात पडले, ती त्या एक्स्चेंजरची परिणामकता. साडेपाच मिळाले तर पंचावन्न टक्के. ती किती यायला हवी हे दोन गोष्टींवर ठरतं. वाहणाऱ्या रक्ताच्या मानाने मधली भिंत किती समर्थ आहे, हे एक. पुस्तकात या आकड्याला एनटीयू म्हणतात. आणि रक्ताच्या मानाने पलीकडून पाणी किती वाहतंय, हे दुसरं.

त्या वर्षी दिवाळीनंतर ही परिणामकता घसरायला लागली. पंचावन्नची पन्नास झाली, मग चाळीस. त्याच सुमारास ट्रस्टने आधीच्या कंपनीचे डबे बंद करून दुसऱ्या, स्वस्त कंपनीचे डबे घेतले होते. माझ्या डोक्यात लगेच गाठ बसली. मी सरांकडे गेले.

"सर, नवीन डब्यांची भिंत कमजोर आहे. रक्त तापायला फार वेळ लागतोय."

"मागच्या केसचा पेशंट घरी गेला ना?"

"गेला."

"चालत?"

"हो, चालत गेला."

"मग झालं तर," म्हणाले आणि पुढच्या पेशंटचा एक्स-रे खिडकीसमोर धरला.

डॉ. जयसिंग नाईकनवरे बार्शीकडचे. मुंबईत नाव झालेलं असताना ते सगळं सोडून सोलापुरात आले, कारण इथली माणसं पुण्याला किंवा हैदराबादला पोचेपर्यंत वाटेतच जायची. लोक त्यांच्या पाया पडत. त्याआधी, कारकिर्दीच्या सुरुवातीच्या वर्षांत धड सामान नसताना, लोकांना हसू येईल अशा जुगाडांवर त्यांनी माणसं वाचवली होती. पाणी लवकर तापत नसेल तर टाकीत उकळतं पाणी ओतायचं, हा त्यातलाच एक जुगाड. माझ्याही मनात त्यांच्याबद्दल आदर होता, आणि मी हे सांगतेय ते तो कमी व्हावा म्हणून नाही.

सरांनी उडवून लावलं तेव्हा मी ट्रस्टचे सेक्रेटरी अप्पासाहेब हत्तुरे यांना गाठलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, समोरच्या वाटीतले शेंगदाणे पुढे केले आणि म्हणाले, "ताई, वर्षाचा माल एकदम घेतलाय. वर्ष काढा की कसंतरी."

त्या दिवशी टेबलावर होती नरसम्मा गड्डम. लहानपणी सांधेतापाने हृदयाची झडप खराब झालेली, वय चाळिशीच्या आत, धंदा विड्या वळायचा. आदल्या दिवशी मी तिला भेटायला वॉर्डात गेले होते. माझं आडनाव येमूल आहे हे कळताच ती आमच्या तेलुगू विणकरांच्या, पद्मशाली गल्ल्यांच्या हिशोबात शिरली.

"कुणाची गं तू? जोडभावी पेठेतल्या येमुलांची?"

"नाही, आम्ही विडी घरकुल वसाहतीतले. अम्मा विड्याच वळायची माझी."

"मग तू आपलीच," ती खूश होऊन म्हणाली. बोलता बोलता तिची बोटं चादरीच्या काठावर विडी वळल्यासारखी हलत होती. "माझा नवरा म्हणत होता, काही नको चिरफाड. मी म्हटलं, ठीक आहे, मग उद्यापासून तू मला उचलून नळावर ने आणि उचलून परत आण. दोन दिवस नेलं. तिसऱ्या दिवशी सही केली."

मी हसले. ती हसली नाही. माझ्याकडे नीट बघत तिने विचारलं, "माझं काळीज बंद असताना मशीन तू चालवणार?"

"हो, मीच."

"तेव्हा कुणी काही सांगितलं तर ऐकशील का लगेच?"

प्रश्नच असा होता की मी काहीतरी गोल गोल बोलून निघाले.

झडप बसवायचं काम उत्तम झालं. सरांचे हात कामाला लागले की बघत राहावं असे होते. हृदयावरचा छेद टाके घालून शिवला, आणि त्यांनी मला रक्त तापवायला सांगितलं. आम्ही तिला अठ्ठावीसपर्यंत थंड केलं होतं. मी नियमाप्रमाणे पाणी रक्तापेक्षा दहा अंश वर ठेवत तापवत गेले. रक्त तीसला आलं आणि तिथेच अडलं. हृदयाने ठोके धरायला हवे होते. ते पिशवीत भरलेल्या जेलीसारखं नुसतं थरथरत होतं.

भूल देणाऱ्या डॉ. फरीदा मुजावर पेशंटच्या उशाशी बसल्या होत्या. मेंदूजवळचं तापमान त्या दर थोड्या वेळाने मोठ्याने सांगत. "तीस. अजून तीसच. जयसिंगराव, एवढं थंड रक्त गोठायचं विसरतं. आणखी उशीर झाला तर ती सगळीकडून झिरपायला लागेल."

त्यावर सरांनी उकळतं पाणी ओतायला सांगितलं होतं, आणि मी नको म्हणाले होते.

सिस्टर किटली घेऊन आली. माझ्या डाव्या हाताला पाण्याचं यंत्र होतं, पाणी गरम-थंड करून डब्याकडे पाठवणारं. मी उजवा हात पंपावर ठेवला आणि डावा त्याच्या टाकीच्या झाकणावर.

"येमूल, हात काढा," सर म्हणाले.

"नाही, सर."

"रक्त बत्तीसवर बाहेर येतंय. बेचाळीसच्या कुठे जवळपास तरी आहे का ते?"

"बाहेर येतंय ते सगळं मिसळून येतंय. पण भिंतीला घासून जे रक्त जातं, ते जवळजवळ पाण्याइतकं तापतं. पाणी पन्नासला गेलं की ते शिजेल, सर. अंडं शिजतं तसं. आणि शिजलेलं रक्त तिच्या मेंदूत जाईल."

"मी हे वर्षानुवर्षं केलंय. या हातांनी."

"तेव्हा पंपावर मी नव्हते."

बोलून गेले. असं त्यांच्याशी कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. मास्कच्या वर फक्त डोळे दिसत होते. त्यांचे हात निर्जंतुक होते. टेबल सोडून माझ्यापर्यंत ते येऊ शकत नव्हते, झाकणावरचा माझा हात झटकू शकत नव्हते. हे त्यांच्याही लक्षात आलं.

"हे माझं थिएटर आहे," ते म्हणाले.

"हो सर. पंप माझा आहे."

"सिस्टर, ओता."

किटलीची वाफ माझ्या मनगटाला लागत होती. सिस्टर माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. तिचे डोळे भरून आले होते. मी मानेनेच नाही म्हटलं. ती तिथेच उभी राहिली, ना पुढे ना मागे.

"तीस," डॉ. फरीदा म्हणाल्या.

मी नाही म्हणून बसले होते, पण रक्त तीसलाच होतं. पाणी चाळीस, रक्त आत जातंय तीसवर, बाहेर येतंय बत्तीसवर. दहातले दोनच. वीस टक्के. मागच्या केसला चाळीस होते. डबा वाईट असेल, पण त्याच कंपनीचा, त्याच पेटीतला डबा एका केसमध्ये चाळीस देतो आणि दुसऱ्या केसमध्ये वीस? भिंत एवढी कशी बिघडेल? डबा दर वेळी कोरा करकरीत असतो.

मग उरलं पाणी. त्या जुन्या यंत्राला पाणी किती वाहतंय हे दाखवणारा काटा नव्हता. दोन नळ्या तेवढ्या होत्या, एक डब्याकडे जाणारी आणि एक परतीची. मी झाकणावरचा हात न काढता खाली वाकले आणि पंपावरचा हात क्षणभर सोडून परतीच्या नळीला लावला.

ती कोमटसुद्धा नव्हती.

जाणाऱ्या नळीला हात लावला. ती छान गरम.

भिंत कमजोर असती तर पाण्याची उष्णता पाण्यातच राहिली असती, आणि ते गेलं तसंच गरम परत आलं असतं. हे पाणी होतं नव्हतं ते सगळं देऊन थंडगार परतत होतं. भिंत मिळेल तेवढी उष्णता ओढून घेत होती. पलीकडून पाणीच जेमतेम येत होतं. नव्या डब्यांच्या नावाने मी इतके दिवस जो कंठशोष केला, तो सगळा चुकीचा होता.

"सर, डबा चांगला आहे," मी म्हणाले. "पाणी कमी येतंय. यंत्राच्या आत कुठेतरी तुंबलंय. पाणी आणखी तापवून उपयोग नाही, जास्त पाणी हवं."

"मग आणा."

"त्यासाठी आधी बंद करावं लागेल."

"काय बंद?"

"पाणी. पेशंटखालची गादी गरम ठेवायला पाणी पुरवणारा दुसरा पंप याच यंत्रात आहे. आपण तो फारसा वापरत नाही, म्हणून तो तुंबलेला नसणार. त्याच्या नळ्या काढून डब्याला जोडते. रक्त चालूच राहील, फक्त तेवढा वेळ ते तापणार नाही."

"मी गरम करा म्हणतोय आणि तुम्ही गरम पाणीच बंद करणार?"

"हो, सर."

"आणि तुमचा दुसरा पंपही तुंबलेला निघाला तर?"

"तर आत्ता आहोत तिथेच असू."

ते काही बोलायच्या आत डॉ. फरीदांचा आवाज आला. "जयसिंगराव, करू दे तिला. इथे तसंही काही हलत नाहीये."

त्यांनी हो म्हटलं नाही. मी वाटही बघितली नाही. पाणी बंद केलं.

नळ्या सोडवताना पाण्याची चिळकांडी उडून माझे पाय गुडघ्यापर्यंत भिजले. एक जोड लवकर निघेना. सिस्टरने किटली जमिनीवर ठेवली आणि माझ्याबरोबर ओढायला लागली. उजवा हात मी सतत पंपावर आणून प्रवाह बघत होते. गादीच्या नळ्या आखूड निघाल्या. यंत्र ढकलून जवळ घेतलं, त्याची चाकं फरशीवर करकरली. जोड बसला तेव्हा खट् असा आवाज झाला, आणि मी दुसरा पंप सुरू केला.

परतीच्या नळीवर हात ठेवून मी उभी राहिले. काही क्षण ती तशीच थंड. मग तळहाताखालून गरमपणा सरकत गेल्यासारखा वाटला, आणि नळी जवळजवळ जाणाऱ्या नळीइतकीच गरम झाली. डब्यातून रक्त पस्तीसच्या वर यायला लागलं.

"एकतीस," डॉ. फरीदा म्हणाल्या. मग, "बत्तीस." मग त्यांनी मोठ्याने सांगायचं सोडून दिलं, कारण आकडा सगळ्यांनाच दिसत होता.

चौतिसाच्या आसपास सरांनी हृदयाला एक छोटा झटका दिला. ते दचकल्यासारखं थांबलं आणि मग आपलं आपण ठोके द्यायला लागलं.

पेशंट आयसीयूत गेल्यावर मी बेसिनपाशी उभी होते. मोजे काढून पिळत होते. सर शेजारी येऊन हात धुवायला लागले. बराच वेळ त्यांनी हात धुतले.

"तुम्ही बरोबर होता की चूक, हा मुद्दाच नाही," शेवटी ते म्हणाले. "टेबलावर छाती उघडी असताना थिएटरमध्ये एकच शब्द चालला पाहिजे. दोन शब्द चालले तर माणूस मरतो. मी मरताना पाहिलंय. तुम्ही सगळ्यांसमोर माझा शब्द मोडलात. सगळ्यांसमोर माफी मागा. तोपर्यंत माझ्या थिएटरमध्ये येऊ नका."

"कशाची माफी, सर?"

ते हात पुसून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मला थिएटर बंद होतं, पण यंत्रांच्या खोलीला कुणी कुलूप लावलं नव्हतं. मी पाण्याचं यंत्र उघडलं. पहिल्या पंपाच्या तोंडाशी बारीक जाळी होती. तिच्यावर पांढऱ्या क्षाराचा खरपुडा इतका जाड बसला होता, की खरवडायला स्क्रूड्रायव्हर लागला. स्टोअरमध्ये डिस्टिल्ड पाणी संपलं, ते वेळेवर आलं नाही, म्हणून दिवाळीपासून टाकीत बोअरचं पाणी भरलं जात होतं. सोलापूरचं बोअरचं पाणी म्हणजे तांब्यात रात्रभर ठेवलं तरी तळाशी रांगोळी दिसते.

वॉर्डात नरसम्माला भेटले. श्वासाच्या नळीने घसा खरवडल्यामुळे तिचा आवाज बसला होता.

"तू भांडलीस म्हणे. सिस्टर सांगत होती."

"हो, भांडले."

"मोठ्या डॉक्टरांशी?"

"हो."

"मग? संपलं का भांडण?"

"नाही. माफी माग म्हणतात."

तिने डोळे मिटले. झोपली असं वाटून मी उठले, तेवढ्यात डोळे न उघडताच ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मागू नको."

अप्पासाहेबांनी बोलावलं तेव्हा त्यांच्या ऑफिसात सर आधीच येऊन बसले होते. मधल्या काळात पुण्याहून एका परफ्युजनिस्टला केसपुरतं बोलावून काम भागवलं जात होतं. त्याचं जाणं-येणं आणि राहणं ट्रस्टला जड झालं होतं. अप्पासाहेबांना हे मिटवायचं होतं. समोर शेंगदाण्यांची वाटी होतीच.

"ताई, एक शब्द," ते म्हणाले. "सॉरी. इंग्रजीतच म्हणा हवं तर, मराठीत जड जातं. सर मोठ्या मनाचे आहेत. विषय संपला."

"सरांचा अपमान झाला असं त्यांना वाटलं, याचं मला वाईट वाटतं," मी म्हणाले. "पण केलं त्याबद्दल मी सॉरी म्हणणार नाही. पाण्याच्या यंत्राची जाळी मी उघडली. ती दाखवायला आणलीय."

मी पिशवीतून जाळी काढून टेबलावर ठेवली. खरपुड्याचा भुगा टेबलाच्या काचेवर सांडला. अप्पासाहेबांनी वाटी जवळ ओढून घेतली.

सरांनी जाळी हातात घेतली. बोटाने घासून बघितली. वाटलं, आता म्हणतील की तुमचं बरोबर होतं. थिएटरमधली सगळी मंडळी आता तसंच म्हणत होती. सिस्टरने तर पार गोष्टच करून टाकली होती: येमूल मॅडमनी नळीला हात लावला, क्षणात ओळखलं, आणि म्हणून सरांना नाही म्हणाल्या. मलाही ती गोष्ट ऐकायला बरी वाटायला लागली होती.

"मला एक सांगा," सर जाळीकडेच बघत म्हणाले. "तुम्ही झाकणावर हात ठेवलात, तेव्हा नळीला हात लावला होता?"

खोटं बोलणं अगदी सोपं होतं. तिथे कुणाला क्रम आठवत नव्हता.

"नाही," मी म्हणाले. "नळी नंतर. आधी नाही म्हटलं."

"म्हणजे मला अडवलंत, तेव्हा तुमच्याकडे उत्तर नव्हतं."

"नव्हतं. उलट होतं ते चुकीचं होतं. मला वाटत होतं डबाच खराब आहे."

"समजा, डबाच खराब असता. नळी गरम लागली असती. मग काय करणार होता?"

"काही नाही. त्याच पाण्याने, त्याच गतीने तापवत राहिले असते. संध्याकाळ झाली असती तरी."

"आणि ती रक्तस्रावाने गेली असती तर? ती शक्यता खरी होती, येमूल. फरीदा उगाच ओरडत नव्हती."

चादरीच्या काठावर फिरणारी नरसम्माची बोटं डोळ्यांसमोर आली. तिने विचारलेला प्रश्नही आठवला, ज्याला मी टाळून आले होते.

"गेली असती तर गेली असती," मी म्हणाले. "ते घेऊन मी जगले असते. पण ती जिवंत राहूनही कुणाला ओळखू शकली नसती, असं रक्त मी तिच्या डोक्यात सोडलं नसतं. तेव्हाही नाही आणि पुढेही नाही. पुढच्या वेळी तुम्ही सांगितलंत तर पुन्हा झाकणावर हात ठेवीन. हे आधी सांगून ठेवते, म्हणजे ऐन वेळी अपमान वाटायला नको. चालत नसेल तर पुण्याच्या माणसाला कायमचं बोलवा."

"ताई..." अप्पासाहेब कळवळून म्हणाले.

सरांनी हात वर करून त्यांना थांबवलं. जाळी टेबलावर ठेवली, बोटांवरचा भुगा रुमालाला पुसला आणि उठले. दारापर्यंत गेले, आणि तिथे पाठमोरे असतानाच म्हणाले, "अप्पासाहेब, डिस्टिल्ड पाणी मागवा. आणि यंत्राला पाण्याचा काटा बसवून घ्या."

माझ्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. बाहेर आल्यावर मी कितीतरी वेळ जिन्यात उभी होते. आपली नोकरी राहिली की गेली, हेच कळत नव्हतं.

आठवड्याच्या शेवटी पुढच्या केसच्या सकाळी सिस्टरचा फोन आला. सरांनी विचारलंय, येमूल अजून का आल्या नाहीत.

मी गेले. कुणी माझं स्वागत केलं नाही. सरांनी गुड मॉर्निंगलाही मान हलवली नाही. केस मोठी होती, म्हाताऱ्या शिक्षकांची. दोन झडपा बदलायच्या होत्या, काम लांबलं, सगळे थकले. रक्त तापवायची वेळ आली तेव्हा सरांचे खांदे उतरलेले मला माझ्या जागेवरून दिसत होते.

"येमूल," त्यांनी विचारलं, "पाणी किती?"

"एकोणचाळीस, सर."

"मला लवकर हवंय."

"नाही मिळणार."

मास्कमागे त्यांनी मोठा श्वास सोडलेला ऐकू आला. मग त्यांनी दोन्ही हात पेशंटच्या अंगावरच्या हिरव्या कापडावर टेकले, सहायकाला बसायला स्टूल द्यायला सांगितलं, आणि रक्त तापायची वाट बघत उभे राहिले.